वाडीतल्या मुलांची सहल आणि ज्येष्ठांचा हात

कोकणातल्या शाळेला सहल नवी नाही. कार्तिकात आवळीच्या झाडाखाली होणारे आवळीभोजन, भात झोडून झाल्यावर वहाळाच्या काठी मांडलेले वनभोजन, तीन दगडांच्या चुलीवर शिजलेली खिचडी, हे सारे आपणांपैकी अनेकांनी बालपणी अनुभवले असेल. त्या वेळी गुरुजींबरोबर गावातले दोन-चार जाणते लोक सहज येत. कोणी पातेली वाहून आणी, कोणी मुलांना पाण्यापासून दूर ठेवी, कोणी झाडांची नावे सांगे. त्यांना कोणी स्वयंसेवक म्हणत नसे. परंतु ते करीत ते काम स्वयंसेवकाचेच होते.

आज हेच काम पुन्हा हाती घेण्याची वेळ आली आहे, आणि ते करण्यास ज्येष्ठांइतके योग्य कोणी नाही. रत्नागिरी जिल्ह्यापुरता हा विषय आपण पाहू. तरीही यातील बहुतेक गोष्टी इतरत्र राहणाऱ्या वाचकांनाही उपयोगी पडतील.

समुद्राच्या जिल्ह्यात समुद्र दूर

रत्नागिरी म्हटले की डोळ्यांसमोर समुद्र येतो. मात्र या जिल्ह्याची पूर्वेकडील बाजू सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकलेली आहे. संगमेश्वर, लांजा, राजापूर, चिपळूण आणि खेड या तालुक्यांच्या डोंगराकडील वाड्यांतून किनाऱ्यावर यायचे, तर साठ-सत्तर किलोमीटरचा वळणावळणांचा रस्ता कापावा लागतो. वाडीपासून मुख्य रस्त्यापर्यंतची पायवाट त्याखेरीज. ज्या घरात वडील मुंबईला कामाला आणि आई शेतात, त्या घरातल्या मुलाला आपल्याच जिल्ह्याचा समुद्र कोण दाखवणार?

शाळा दाखवू शकते, परंतु तिच्यापुढेही अडचण असते. वाडीतली शाळा बहुधा द्विशिक्षकी असते. तीस मुले घेऊन किनाऱ्यावर जायचे, तर दोन शिक्षकांचे डोळे पुरत नाहीत. एखाद्या मुलाला उलटी झाली की एक शिक्षक त्याच्यापाशी अडकतो. मग उरलेल्या एकोणतिसांवर एकाचेच लक्ष. म्हणून जबाबदार शिक्षक सहलीचा विचार मनात येताच बाजूला ठेवतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. येथे आणखी चार-पाच विश्वासू प्रौढ माणसे उभी राहिली, तरच सहल शक्य होते.

ही भीती निराधार नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी शेजारच्या रायगड जिल्ह्यात, मुरूडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून सहलीला आलेल्या १४ विद्यार्थ्यांचा बुडून मृत्यू झाला. ते महाविद्यालयात शिकणारे तरुण होते. आपण तर सात ते तेरा वर्षांच्या मुलांविषयी बोलत आहोत. म्हणूनच सहलीला सोबत जाणे हे हौसेचे काम असले, तरी ते हौशीपणाने करण्याचे काम नव्हे.

यात आपले काय हित?

हे पाक्षिक आरोग्याचे असल्यामुळे हा प्रश्न येथे विचारणे योग्यच आहे. कोकणातली कित्येक घरे आज दोन वृद्धांची, किंवा एकाच वृद्धाची झाली आहेत. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात. उरलेले महिने अंगण मोकळे असते. एकटेपणा हा केवळ मनाचा विषय नाही. दीर्घकाळचा एकाकीपणा हृदयविकार, पक्षाघात, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात वृद्ध स्वयंसेवकांना प्राथमिक शाळांत नियमित काम देण्याचा ‘एक्स्पीरियन्स कोअर’ नावाचा उपक्रम झाला. आठवड्याला सुमारे पंधरा तास ही माणसे मुलांबरोबर वाचन आणि अभ्यास करीत. अभ्यासकांना त्यांच्या हालचालीत आणि सामाजिक संपर्कात चांगले बदल दिसले. वर्षातून एकदाची सहल म्हणजे आठवड्याचे पंधरा तास नव्हेत, हे खरे. परंतु सहल नीट व्हायची, तर तिच्याआधी दीड-दोन महिने शाळेत जाणे-येणे घडते. मुलांची नावे पाठ करावी लागतात, जागा पाहून यावी लागते, रोज थोडे चालण्याचा सराव ठेवावा लागतो. प्रकृतीला लाभ होतो तो या तयारीचा. सहलीचा दिवस म्हणजे त्या तयारीचा समारोप.

वेळासने घालून दिलेला धडा

मंडणगड तालुक्यातील वेळास हे लहानसे गाव नाना फडणवीसांचे म्हणून आपणांस ठाऊक असेल. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून येथे सागरी कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. पूर्वी ही अंडी खणून नेली जात. पुढे गावकरीच राखणदार झाले. २००६ पासून गावात कासव महोत्सव भरू लागला आणि पाहुण्यांची राहण्या-जेवण्याची सोय गावातल्या घरांतूनच होऊ लागली.

ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि समुद्रात परतते. साधारण दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. पाहुण्यांना दोरीच्या मागे उभे राहावे लागते. पिल्लांना हात लावायचा नाही, कॅमेऱ्याचा झोत टाकायचा नाही, त्यांच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही. एखाद्या दिवशी एकही पिल्लू वर येत नाही आणि पाहुणे तसेच परततात.

आपल्या सहलीसाठी यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, ज्या गावाला जायचे, त्या गावची माणसे सहलीत सामील असली पाहिजेत. आपल्याबरोबर आलेल्या दहा जणांपेक्षा किनाऱ्यावरचा एक अनुभवी मच्छीमार अधिक जाणतो. दुसरी ही की, मुलांना नियमामागचे कारण सांगितले, तर ती नियम पाळतात. दोरी पिल्लांसाठी आहे हे कळले, की मुले दुसऱ्यांनाही मागे सरकवू लागतात.

कोठे जावे?

एका दिवसात दोन ठिकाणे पुरेत. तिसरे ठिकाण घेतले की घाई होते, आणि घाईत मोजणी चुकते.

रत्नागिरी शहराजवळच्या झाडगावात सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय आहे. तेथे जिवंत माशांबरोबर देवमाशाचा सांगाडाही पाहावयास मिळतो. टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान शहरातच आहे. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० मध्ये पूर्ण झाला आणि १९१६ मध्ये त्याचा येथेच मृत्यू झाला. घरापासून दूर तीस वर्षे काढलेल्या या राजाची गोष्ट, मुंबईला गेलेल्या वडिलांची वाट पाहणाऱ्या मुलांना लगेच समजते. मालगुंड येथे केशवसुतांचे स्मारक आहे.

सड्यावर जायचे असेल, तर कातळशिल्पे आहेत. उक्षी येथे जांभ्या कातळात कोरलेला मोठा हत्ती असून ग्रामस्थांच्या सहभागातून त्याभोवती संरक्षक कठडा झाला आहे. कोकणातील कातळशिल्पांची नोंद २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत झाली. उक्षी, जांभरुण, कशेळी, बारसू ही गावे त्या नोंदीत आहेत. मात्र सडा उघडा असतो, सावली नसते आणि कातळ लवकर तापतो. तेथे सकाळी दहाच्या आत पोहोचावे.

कोणतेही ठिकाण ठरवण्याआधी आपण स्वतः एकदा जाऊन यावे. स्वच्छतागृह आहे का, त्याला कडी आणि पाणी आहे का, सावलीत बसण्याची जागा कोठे, सर्वांत जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती दूर, मोबाइलला रेंज आहे का, आणि त्या वारी ते ठिकाण उघडे असते का, हे पाहून वहीत टिपावे. एस.टी.त ६५ ते ७५ वर्षांच्या प्रवाशांना आणि सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे, तर ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना प्रवास विनामूल्य आहे. त्यामुळे या पूर्वपाहणीचा खर्च फारसा होत नाही. शालेय सहलीच्या गाडीसाठीही महामंडळ सवलत देते. त्यासाठी मुख्याध्यापकांनी आगाराकडे वेळेत अर्ज करावा.

तिथीचे गणित

किनाऱ्यावर जाण्याचा दिवस ठरवताना घरातल्या दिनदर्शिकेवरची तिथी पाहा. आपल्या किनाऱ्यावरचे जुने लोक एक सोपा हिशेब वापरीत आले आहेत: पक्षातील तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची ढोबळ वेळ मिळते. षष्ठी असेल, तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे दुपारी साडेचारच्या सुमारास भरती पूर्ण, आणि त्याआधी सहा-सव्वासहा तास, म्हणजे सकाळी सव्वादहा-साडेदहाला पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा येतो, म्हणून भरतीही तितकीच पुढे सरकते. पाऊणपटीमागचे कारण हेच.

अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. पाणी खूप वर येते आणि तितक्याच ओढीने मागे जाते. सप्तमी ते नवमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाण्याची चढ-उतार कमी असते. मुलांसाठी उधाणाचे दिवस टाळावेत. हा हिशेब सहलीआधी वर्गात फळ्यावर करून दाखवावा. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मुले घड्याळ पाहून तो पडताळतील. परंतु लक्षात ठेवा, हे गणित दिवस निवडण्यासाठी आहे, पाण्यात उतरण्याची परवानगी म्हणून नव्हे. नेमकी वेळ अधिकृत भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून आणि जागेची माहिती तेथील मच्छीमारांकडून घ्यावी. भांग असली, तरी खडकांमधले ओढे आणि अचानक खोल होणारे चर तेथेच असतात.

मुलांसाठी नियम एकच ठेवावा: पाण्यात जायचे नाही. ‘घोट्यापर्यंतच’ असे सांगितले की मोठ्या लाटेबरोबर घोट्याचा गुडघा आणि गुडघ्याची कंबर होते. ओल्या वाळूवर एक रेघ ओढा, तिच्यावर आपण उभे राहा आणि पाण्याकडे नव्हे, मुलांकडे तोंड ठेवा. कोणी पाण्यात सापडलेच, तर आपण मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा झाकणबंद कॅन, लांब काठी, साडी, जे हाती येईल ते त्याच्याकडे टाकावे आणि मोठ्याने मच्छीमारांना हाक द्यावी.

आठ मुले, एक आजी

प्रत्येक प्रौढामागे आठ ते दहा मुले असावीत. लहान वर्गांसाठी सहाच बरी. मुलांच्या जोड्या लावाव्यात आणि ‘तुझा जोडीदार कुठे आहे?’ हा प्रश्न दिवसभर विचारावा. गाडीत चढताना, उतरताना, जेवणाआधी आणि स्वच्छतागृहाहून परतताना मोजणी करावी. ती डोकी मोजून नव्हे, नावे घेऊन करावी, कारण शेजारच्या शाळेचे एखादे मूल रांगेत शिरले, तरी संख्या बरोबर येते.

शिक्षण विभागाची परवानगी, पालकांचे लेखी संमतिपत्र आणि मुलाच्या आजारांची नोंद ही शाळेची जबाबदारी आहे. दमा, फिट येणे, एखाद्या पदार्थाची वा औषधाची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांची माहिती मात्र आपणांस आधी विचारून घ्यावी. आणखी एक गोष्ट संकोच न करता सांगणे आवश्यक आहे. कोणत्याही स्वयंसेवकाने, तो कितीही वयोवृद्ध आणि आदरणीय असो, मुलाबरोबर बंद जागी एकटे राहू नये. मुलींसोबत महिला स्वयंसेवक असाव्यातच. मुलांची छायाचित्रे शाळेच्या आणि पालकांच्या परवानगीवाचून काढू नयेत व व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नयेत. हे नियम मुलांच्या रक्षणासाठी आहेत आणि आपल्या नावाचेही रक्षण करतात.

मुलांची प्रकृती

घाटवळणांवर मळमळणे ही सर्वांत सामान्य तक्रार. निघण्यापूर्वी मुलांना उपाशी ठेवू नये आणि तेलकटही देऊ नये. पेज, घावन किंवा भाकरीचा छोटा तुकडा पुरे. ज्यांना त्रास होतो त्यांना पुढच्या बाकांवर खिडकीपाशी बसवावे आणि दूर समोर पाहण्यास सांगावे. उलटी थांबवण्याची गोळी पालकांच्या आणि डॉक्टरांच्या सांगण्यावाचून देऊ नये.

पाण्याविषयी विशेष दक्षता हवी. सहलीला निघालेल्या मुली दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण स्वच्छतागृहाची खात्री नसते. ज्येष्ठही त्याच कारणासाठी पाणी टाळतात. परिणामी दुपारी दोघांचेही डोके दुखते, चक्कर येते. दर दीड-दोन तासांनी स्वच्छतागृहाचा थांबा ठेवला आणि तो सकाळीच सर्वांना सांगितला, तर दोघेही निर्धास्तपणे पाणी पितात. उलट्या-जुलाब झाल्यास ओआरएसचे पाकीट त्यावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवावे. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा.

सड्यावर आणि गडावर मुले दगड उलटतात. कोकणातील लाल विंचू लहान मुलांसाठी घातक ठरू शकतो. महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग होतो हे याच पट्ट्यातील रुग्णांवर काम करून दाखवले, आणि पूर्वी दगावणारी अनेक मुले वाचू लागली. दंशानंतर दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसली, तर क्षणही न दवडता आरोग्य केंद्र गाठावे. साप किंवा विंचू चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जागा कापू नये, मंत्र-उतारा करण्यात वेळ घालवू नये. मुलाला शांत निजवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

आपली प्रकृती

सपाटीवर अर्धा तास न थांबता चालता येत असेल आणि एक मजला चढून धाप लागत नसेल, तर बहुतेकांना अशी सहल झेपते. नुकतेच ऑपरेशन झाले असेल, छातीत दुखत असेल, गेल्या काही महिन्यांत पडण्याचे प्रसंग आले असतील, तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

मधुमेह असणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. मुलांना वाढता वाढता आपले ताट राहून जाते, आणि गोळी वा इन्शुलिन मात्र घेतलेले असते. घाम, हातापायांना कंप, गोंधळल्यासारखे होणे ही रक्तातील साखर उतरल्याची चिन्हे आहेत. लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी बरे न वाटल्यास पुन्हा घ्यावी, आणि नंतर काही खावे. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी ती मनाने बंद करू नये; त्या दिवशी वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना आधी विचारावे. औषधांची यादी आणि घरचा फोन क्रमांक खिशात लिहून ठेवावा.

कोरड्या भुसभुशीत वाळूत गुडघ्यांवर ताण येतो. ओल्या घट्ट वाळूवरून चालावे, काठी घेण्यास लाजू नये. गडाच्या पायऱ्या नकोशा वाटल्या, तर पायथ्याशी थांबावे. पायथ्याशी थांबणारा माणूस प्रत्येक सहलीत लागतोच: दमलेले मूल, सामान, पाण्याचा पिंप आणि गाडीचा चालक यांच्यापाशी कोणीतरी असावे लागते.

घरी काळजी घेणाऱ्यांसाठी दोन शब्द

आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा दाखवली, तर ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न आवरून धरा. त्याऐवजी कोणते काम झेपेल हे दोघांनी मिळून ठरवा. ज्यांना विसर पडू लागला आहे, त्यांच्यावर मुलांच्या मोजणीचा भार टाकू नये. पण सोबतीला घरचे कोणी असेल, तर गाडीत गोष्ट सांगण्याचे काम ते सुंदर करतील. कानाला कमी ऐकू येणाऱ्यांना पाण्याकाठी उभे करू नये; शिदोरीची व्यवस्था त्यांच्याकडे द्यावी.

आणि जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांचे काय? त्यांच्यासाठी दुसरा दिवस आहे. सहलीहून आलेल्या चार मुलांना मुख्याध्यापकांच्या संमतीने, शिक्षकांबरोबर, आपल्या घरी बोलवा. काय पाहिले ते त्यांनी आजोबांना सांगावे, एखादा शिंपला हातात द्यावा. आजोबांनी आपल्या काळी बंदरावरून मुंबईला जाणाऱ्या बोटीची गोष्ट सांगावी. मुलांना सहल पुन्हा एकदा घडते, आणि खाटेवरच्या माणसालाही.

सहलींचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि जानेवारीअखेर ऊन चढू लागते. तयारीला दीड-दोन महिने हवेत. तेव्हा आता वाट न पाहता आपल्या वाडीतल्या शाळेत एकदा जाऊन या. मुख्याध्यापकांना भेटा आणि इतकेच विचारा: ‘सहल न्यायची झाली, तर आपणांस किती माणसे कमी पडतात?’ ते जो आकडा सांगतील, त्यातला एक आपण स्वतः आहात. उरलेले आपल्या ओळखीत सापडतील.